सेवेलाही सुट्टी हवी

स्वतःहून कुणाची तरी चाकरी करण्यात मनापासून सुख वाटणारी माणसं असतात. ती बेळगावात असतात, निपाणी-चिकोडीत असतात, आणि दिवसभर बँकेत, शाळेत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत तुमच्या-आमच्यासारखीच राबतात. एवढं गृहीत धरूनच पुढं वाचावं. 'शी, असलं काही आपल्याकडं नसतं' असं ज्यांचं ठाम मत आहे, ते बदलायच्या भानगडीत मी पडणार नाही.

बीडीएसएम म्हणजे बांधणं, शिस्त लावणं, एकानं हुकूम सोडणं आणि दुसऱ्यानं तो आपखुशीनं झेलणं, वेदना देणं-घेणं असा मोठा पसारा. त्यातलं चाबूक-हातकड्यांचं प्रकरण मोबाइलच्या कृपेनं आता सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच पसाऱ्यात एक शांत कोपरा आहे. तिथं मार नाही, दोर नाही, कित्येकदा शरीरसंबंधही नाही. समोरच्याचे कपडे इस्त्री करून ठेवणं, त्याच्या चपला पुसणं, तिचा चहा तिला हवा तसा, हव्या त्या वेळी, उभं राहून देणं, आणि ते नीट झालं म्हणून तिनं मान हलवली की त्यातच भरून पावणं. असं करणाऱ्याला किंवा करणारीला 'सर्व्हिस सब' म्हणतात. ज्याची सेवा होते तो किंवा ती 'डॉम'. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी वर्गवारी २०२२च्या जानेवारीपासून लागू झाली. तिच्यात दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेल्या असल्या गोष्टींना विकार धरलेलं नाही. जबरदस्तीला मात्र धरलं आहे.

माझं म्हणणं असं की, चाबकापेक्षा आणि दोरीपेक्षा या शांत कोपऱ्यालाच कडक संमती लागते. वेदनेला स्वतःचं एक टोक असतं. अंग नको म्हणतं, तोंडातून ठरलेला शब्द निघतो, समोरचा थांबतो. सेवेत ते टोक येतच नाही. भांडी घासताना कुणी 'थांब' म्हणून ओरडत नाही. ताप अंगात असताना चहा टाकला, दुसऱ्या दिवशी कंटाळा असताना टाकला, तिसऱ्या आठवड्यात रडू येत असताना टाकला. त्यातला नेमका कुठला चहा हद्दीपलीकडचा होता, हे करणाऱ्यालाही सांगता येत नाही.

या मंडळींमध्ये चालणारे नियम बघितले तरी हे लक्षात येतं. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या समलिंगी पुरुषांच्या एका गटातून एक सूत्र पुढं आलं: सुरक्षित, शहाणपणाचं आणि संमतीचं असेल तेवढंच करायचं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याला दुसरं सूत्र जोडलं गेलं, धोका पुरता ओळखून दिलेली संमती. दोन्ही सूत्रं शहाणी आहेत, पण दोन्ही घडली ती शरीराला होणारी इजा डोळ्यांपुढं ठेवून. सेफवर्ड, म्हणजे उच्चारताच सगळं थांबावं असा ठरवलेला शब्द, हे साधनही त्याच कामाचं. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे सबुरीनं. मिनिटा-मिनिटाच्या खेळाला हे उत्तम. महिनोन्‌महिने चालणाऱ्या सेवेला ते पुरत नाही, आणि ते पुरत नाही हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

त्यात आपला मुलूख. सेवेची आखीव-रेखीव संहिता आपल्या घरांत आधीपासूनच टांगलेली आहे. सुनेनं आधी उठायचं, मागून जेवायचं, आत्तींच्या, म्हणजे सासूच्या, हाताशी राहायचं, पाव्हण्यांपुढं आवाज चढवायचा नाही. ही संहिता कुणी कुणाला विचारून लिहिलेली नाही. अशा घरात वाढलेली मुलगी 'मला सेवा करायला आवडतं' म्हणाली, तर ते तिचं सुख किती आणि तिची सवय किती, हा प्रश्न विचारावाच लागतो. स्त्रीवादी मैत्रिणी माझ्याशी इथंच वाद घालतात. जुनंच ओझं नव्या इंग्रजी नावानं उचलायचं आणि त्याला निवड म्हणायचं, हे कसं काय, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप खोटा नाही. पण तो शेवटपर्यंत ताणला तर बाईच्या कुठल्याच होकाराला अर्थ उरत नाही. मग तिनं केलेली नोकरी, लग्न, उपास सगळंच सवयीच्या खात्यात जातं. मला एवढं पुरे आहे की, तिनं उद्या 'नाही' म्हटलं तर तिचं काय काय जाईल हे मोजावं. काहीच जाणार नसेल तर तिच्या आवडीची चौकशी करायचा अधिकार मलाही नाही आणि कुणालाच नाही.

हा फरक आपल्या परंपरेला अगदीच परका आहे असं नाही. नाथांच्या घरी श्रीखंड्या बनून बारा वर्षं पाणी भरणाऱ्या देवाची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. जनाबाईचीही ऐकतो, जी परंपरेनुसार लहानपणीच दामाशेटींच्या घरी आणून सोडली गेली आणि दळण-कांडणात जन्मभर राहिली. दोघांनी केली ती सेवाच. पण श्रीखंड्या कुठल्याही सकाळी कावड उतरवून वैकुंठाला जाऊ शकत होता, आणि शेवटी गेलाच. जनीला गंगाखेडला परत जायची वाट नव्हती. तिच्यासाठी देवालाच जात्यापाशी यावं लागलं. (देवाधर्माचं नाव असल्या विषयात घेतलं म्हणून कुणी रागावेल. रागवा, पण फरक बघा.)

एक जोडपं माहितीतलं आहे. ओळख पटू नये इतका तपशील बदलून लिहायला दोघांनीही हो म्हटलं आहे. बाईंनी तर लिहिलेलं आधी वाचून घेतलं आणि एक वाक्य काढायला लावलं. नवरा मशीनशॉपमध्ये सुपरवायझर, हाताखाली डझनभर पोरं, दिवसभर ओरडून घसा बसलेला. बायको हिशेबनीस. घरात चाकरी करतो तो नवरा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरलेल्या. त्या वेळात तो तिच्या साड्यांना इस्त्री करतो, निऱ्यांची घडी एकसारखी येईपर्यंत परत-परत करतो. तिच्या चपला पुसून दाराशी तिच्या पावलांच्या दिशेनं लावून ठेवतो. ती जेवत असताना बसत नाही. तिला 'बाईसाहेब' म्हणतो, ती त्याला 'अरे' म्हणते. बाकीच्या दिवशी ती सगळ्या बेळगावासारखं त्याला 'अहो' म्हणते. आणि यातच त्यांची खूण आहे. तिनं 'अहो, आता बसा की' म्हटलं की वेळ संपली. मग इस्त्री अर्धी राहिली असली तरी बटण बंद.

सेफवर्ड त्यांनी ठेवला होता 'करदंट'. गोकाकचा मेवा, त्या वेळात चुकूनही तोंडी येणार नाही म्हणून. पहिल्या वर्षात तो शब्द कुणी उच्चारला नाही, आणि तरीही मधले काही महिने दोघंही धुमसत होते. त्याला वाटायचं, हिचं लक्ष नाही, मी एवढं करतो आणि ही मोबाइल बघते. तिला वाटायचं, दिवसभर आकडे जुळवून आल्यावर आता याच्या घड्या तपासायच्या, चूक काढायची, शाबासकी द्यायची, म्हणजे हे माझंच आणखी एक काम. 'करदंट' म्हणण्यासारखं यात काय होतं? कुणाला लागलं नव्हतं, कुणी रडलं नव्हतं. शेवटी त्यांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी बसायचं ठरवलं. त्या बैठकीत चहा ती करते, मुद्दाम. कुठलं काम नको झालंय, कुठलं वाढवायचं, कुठली संध्याकाळ रद्द करायची, हे साध्या नवरा-बायकोसारखं बोलायचं. त्या बैठकीत बाईसाहेब नाहीत आणि 'अरे'ही नाही.

सेवा घेणाऱ्यालाही हद्द असते, ही गोष्ट मला या दोघांमुळे पटली. सगळी चर्चा आपण सेवा करणाऱ्याच्या बाजूनं करतो. पण न मागता केलेली सेवा ही उधारीच असते. आज चपला पुसल्या, उद्या त्याचं कौतुक वसूल करायचं, कौतुक नाही मिळालं की तोंड फुगवायचं. डॉमनं 'आज नको, आज मला नुसतं झोपायचंय' म्हटलं आणि सबनं ते ऐकलं नाही, तर तोही संमतीचा भंगच. खानापूरकडून त्याची आई दवाखान्यासाठी महिनाभर राहायला आली, तेव्हा त्याला वाटलं, गुपचूप चालू ठेवू, रात्री पाय तरी चेपू. बायकोनं साफ नकार दिला. तिचं म्हणणं असं की, आत्तींना यातलं काही माहीत नाही, त्यांच्या डोळ्यांपुढं त्यांच्या मुलाला मी 'अरे' केलं तर त्यांना न विचारता मी त्यांना या खेळात ओढलं. महिनाभर सगळं बंद. त्यानं कुरकुर केली, पण बंद ठेवलं. घरातल्या तिसऱ्या माणसाची संमती हा मुद्दा पाश्चात्त्य पुस्तकांत ओझरता येतो. एका खोलीत तीन पिढ्या झोपणाऱ्या आपल्या घरांत तो पहिल्या नंबरचा आहे.

सेवेची बोलणी करायची कशी, हे आपल्याला येत नाही असंही नाही. धुण्याभांड्याला येणारी मावशी दाराशी उभी राहून काय बोलते ते आठवा. "बघा वैनी, माणसं चार म्हणालासा न्हवं? पाव्हणं आलं तर त्याचं येगळं. संडास-बाथरूम मी करणार न्हाई. अमावास्येला येणार न्हाई. आणि दोनच्या पुढं थांबणार न्हाई, पोरगी शाळंतनं येत्या." एका दमात तिनं काम किती, काय करणार नाही, सुट्टी कधी आणि वेळ किती हे सगळं सांगितलं. वाढीव कामाचा दरही सांगून झाला. तिचा पगार तुटपुंजा असेल, दुसरीकडं तिची पिळवणूकही होत असेल, तिला कायद्याचं पुरेसं कवचही नाही. पण बोलणी तिची चोख. बीडीएसएमच्या भाषेत यातल्या 'बाथरूम करणार न्हाई'ला हार्ड लिमिट म्हणतात. इंग्रजी पुस्तकं वाचून कागदावर करार करणारी शिकली-सवरलेली पोरं नेमकं एवढंच विसरतात: सुट्टी.

कारण सुट्टी मागितली की खरेपणावर शंका येते. 'चोवीस तास, सातही दिवस, कुठलीच अट नसलेली सेवा' हाच अस्सल प्रकार आणि बाकी सगळं लुटुपुटूचं, असा एक समज या वर्तुळात जोरात आहे. चोवीस तासांचं नातं दोन माणसं ठेवू शकत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण ज्यांचं ते खरोखर नीट चाललेलं असतं, त्यांच्यात सगळ्यात जास्त बोलणी झालेली असतात. अट नसल्याचा डंका पिटणारे बहुतेक नवशिके तरी असतात नाहीतर लबाड. परवानगी विचारत बसलं की मजा जाते, हाही एक आवडता युक्तिवाद. जात असेल. स्वयंपाकाआधी गॅसची नळी तपासण्यातही काही मजा नसते.

आता दुसरं उदाहरण, आणि हे सुखाचं नाही. एक मुलगी, निपाणीकडची, बेळगावात खोली घेऊन नोकरी करणारी. मित्र पुण्यात, ओळख मोबाइलवरची. सेवा करण्याची ओढ तिला खरीच होती, हे ती आजही नाकारत नाही. त्यानं नियम पाठवले. प्रत्येक जेवणाचा फोटो पाठवायचा. लोकेशन सतत चालू. मैत्रिणीबरोबर चहाला जायचं तर आधी विचारायचं. पगार झाला की ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात. 'माझ्या सबचे पैसे माझेच'. सेफवर्डसुद्धा त्यानंच ठरवून दिला. तिनं तो एकदा वापरला, पैशांच्या वेळी. त्यानं लगेच 'ठीक आहे' लिहिलं आणि मग आठवडाभर अबोला धरला. पुढच्या महिन्यात तिनं पैसे पाठवले.

कागदोपत्री बघितलं तर त्यानं सगळे नियम पाळले. शब्द ठरला होता, तिनं वापरला, तो थांबला. पण अबोल्यानं त्या शब्दाची किंमत इतकी चढवली की तो तिला परत परवडला नाही. आपल्या घरांत अबोला हे फार जुनं हत्यार आहे, वळ न उठवणारं. म्हणून मी सेफवर्ड होता का, हे विचारत नाही. वापरल्यानंतरच्या आठवड्यात काय झालं, हे विचारते.

पैसा, नोकरी, फोन आणि माहेर या चार गोष्टी सेवेच्या ठरावात मुळात येऊच नयेत, असं माझं मत आहे, आणि यात मी थोडी हट्टी आहे. या चौघांच्या जोरावरच माणूस दार उघडून बाहेर पडतो. इस्त्री, चहा, पाय चेपणं, उभं राहणं, संबोधनं, अगदी तिनं काय नेसायचं हे त्यानं ठरवणं, हे सगळं देऊन टाकलं तरी परत घेता येतं. पगाराचं खातं दिलं की परत घ्यायला वकील लागतो. काही अनुभवी जोडपी म्हणतील, आमचा जमाखर्च डॉमच बघतो आणि आम्ही सुखी आहोत. असतील. मग सबच्या नावावर वेगळं खातं असावं, त्यात तीन महिने निघतील एवढी रक्कम असावी आणि त्याचं पासबुक डॉमनं कधी मागू नये. एवढं ज्याला जाचक वाटतं, त्याला सेवा हवी नसून दुसरंच काही हवं आहे.

स्टॅम्पपेपरवर सही करून घेतलेल्या 'मालक-गुलाम' कराराचीही हीच गत. मांडणी कितीही वकिली असो, त्याला कोर्टात काडीची किंमत नाही. घटनेच्या २३व्या कलमानं वेठबिगारी बंद केली आहे आणि सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार करार कायद्यानुसार मुळातच रद्दबातल. दोघांनी आपापसात काय ठरलंय हे लक्षात राहावं म्हणून कागद करावा, जरूर करावा. पण 'तू सही केली आहेस' असं म्हणून तो कागद समोर धरला गेला, त्या क्षणी तो फाडावा.

'तिनं आपणहून पत्करलंय' हे वाक्य आपल्या जिल्ह्यात फार काळजीपूर्वक ऐकायला हवं. सौंदत्तीच्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या पोरी यल्लम्माला वाहिल्या गेल्या, तेव्हाही हेच सांगितलं जायचं. देवीची सेवा, घराण्याचा नवस, पोरीची मर्जी. १९३४ साली मुंबई इलाख्याचा देवदासींबद्दलचा कायदा आला, बेळगाव तेव्हा त्याच इलाख्यात होतं. मग १९८२चा कर्नाटकाचा कायदा आला. त्या कायद्यात एक तरतूद होती जी मला फार विचार करण्यासारखी वाटते: बाईची संमती असो वा नसो, तिला वाहणं बेकायदा. संमती सरळ बाजूला ठेवली. का ठेवली, हे वेगळं सांगायला नको. पोर आठ-दहा वर्षांची, घरात दाणा नाही, आणि एकदा गळ्यात मुत्तू, म्हणजे देवीला वाहिल्याच्या खुणेचे मणी, बांधला की लग्नाची वाट कायमची बंद. म्हणूनच त्याच कायद्यानं तिनं पुढं केलेलं लग्न वैध ठरवलं, म्हणजे बंद केलेलं दार उघडलं.

मग याच न्यायानं सर्व्हिस सबचीही संमती बाजूला ठेवायची का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते याच तरतुदींतून निघतं. तिथं परतीची वाट नव्हती म्हणून होकार निरर्थक होता. जिथं दोघं सज्ञान आहेत, आपापलं कमावतात, आणि उद्या सकाळी हे सगळं बंद केलं तर छप्पर जात नाही, तिथं होकाराला किंमत आहे. जिथं छप्पर जातं तिथं, नाव काहीही द्या, गोष्ट डोंगरावरच्या त्या पोरींच्या जवळ जाते. मधली पायरी फार मोठी आहे आणि बहुतेक लोक त्या पायरीवरच उभे असतात, हेही खरं. लग्न झालेली, नोकरी नसलेली बाई नवऱ्याची 'सब' असेल, तर मी तिच्या सुखावर लगेच विश्वास ठेवत नाही. तिला आधी कमवू द्या, मग तिची आवड ऐकू.

कायदा इथं कितपत मदतीला येतो? फारसा नाही. भारतीय न्याय संहितेचं २५वं कलम म्हणतं की, अठरा वर्षांवरच्या माणसानं संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा जबर दुखापत करण्याचा हेतू किंवा तशी जाणीव नसेल, तर झालेल्या इजेचा गुन्हा होत नाही. उदाहरण दिलंय गमतीखातर पट्टा-तलवार खेळणाऱ्या दोघांचं, जुन्या दंड संहितेतून जसंच्या तसं आलेलं. २८वं कलम सांगतं, भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती संमती नव्हे. लैंगिक संबंधांपुरतं ६३वं कलम आणखी पुढं जातं: प्रतिकार केला नाही एवढ्यावरून होकार समजायचा नाही. पण तेच कलम नवऱ्याला सूट देतं. २०२२च्या मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं एका नवऱ्यावरचा बलात्काराचा खटला चालू राहू दिला, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

इंग्लंडचं बघा. १९९३ साली तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की, राजीखुशीनं वेदना घेणाऱ्या सज्ञान पुरुषांची संमती बचाव होऊ शकत नाही. २०२१च्या कायद्यानं हे पक्कंच केलं की, लैंगिक सुखासाठी म्हणून गंभीर इजेला दिलेली संमती चालणार नाही, कारण बायकांचे जीव घेऊन 'तिलाच ते हवं होतं' म्हणणारे वाढले होते. पहिला निवाडा मला अन्यायाचा वाटतो, दुसरा कायदा गरजेचा. दोन्हींची नजर मात्र जखमेवरच. सेवेच्या नात्यात जखम नसते. पगाराचं खातं असतं, काढून घेतलेला फोन असतो. त्यासाठी आपल्याकडं त्यातल्या त्यात उपयोगी कायदा २००५चा, कौटुंबिक हिंसाचाराचा. आर्थिक छळ हा शब्द त्यात स्पष्ट आहे आणि लग्न न करता एकत्र राहणारी बाईही त्यात येते. बाईच फक्त. त्या मशीनशॉपवाल्या नवऱ्याच्या जागी दुष्ट बायको असती, तर या कायद्यानं त्याला हातही दिला नसता. दोन पुरुषांच्या नात्यात तर आणखी अंधार. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सज्ञानांचे समलिंगी संबंध गुन्ह्याबाहेर काढले, जबरदस्तीपुरतं जुन्या दंड संहितेचं ३७७वं कलम शिल्लक ठेवलं. २०२४च्या जुलैत नवी संहिता आली आणि ते कलमच उरलं नाही. आज सज्ञान पुरुषावर झालेल्या बलात्काराला संहितेत वेगळं कलम नाही.

तरी बीडीएसएमसाठी नवा कायदा करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. असा कायदा आला तर पहिली धाड कुठल्या तरी लॉजवर पडेल आणि त्यात प्रेमानं एकत्र आलेली दोन माणसं सापडतील. मला हवंय ते समुपदेशकांकडून आणि वकिलांकडून. पुढ्यात बसलेली बाई किंवा बुवा 'आमचं असं नातं होतं' म्हणाला की चेहरा वाकडा करायचा नाही, आणि 'मग तक्रार कसली, तुम्हीच तर हो म्हणालात' असंही म्हणायचं नाही. कशाला हो म्हटलं होतं, किती वेळेपुरतं, आणि नाही म्हटल्यावर काय झालं, एवढं विचारायचं. निपाणीच्या त्या मुलीला हे तीन प्रश्न कुणी विचारले असते, तर पैसे पाठवायच्या आधीच तिला स्वतःला उत्तर कळलं असतं. तिनं शेवटी सांगितलं ते खोलीवरच्या मैत्रिणीला, आणि तीही आधी हसली.

प्रकरण पोलिसांपर्यंत गेलंच, तर आपल्या भागात दोन अडचणी नेहमीच्या. एक हद्दीची. माणूस राहतो पुण्यात, भेटी झाल्या चंदगडकडच्या लॉजवर, मुलगी बेळगावात. प्रत्येक ठाणं दुसऱ्याकडं बोट दाखवतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमानुसार दखलपात्र गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. दुसरी अडचण भाषेची. आपण मराठीत सांगतो, जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो, आणि 'सेवा', 'आपखुशी', 'ठरलं होतं' असल्या शब्दांची त्यात काय वाट लागली हे कन्नड वाचता न येणाऱ्याला कळत नाही. तोंडी सांगितलेलं लिहून घेतल्यावर वाचून दाखवायचं आणि प्रत फुकट द्यायची, हे त्याच कलमात आहे. सही करायच्या आधी त्याचा अर्थ मराठीत सांगा म्हणावं, आणि सोबत कन्नड वाचणारं कुणीतरी विश्वासाचं न्यावं. तसं माणूस आपल्याकडं गल्लीगल्लीत मिळतं. विषय ऐकून न हसणारं तेवढं शोधावं लागेल.